अण्णासाहेब हर्डीकर यांच्या भूमिकेत

"हनुवटी वर घ्या. अजून थोडी. आता माझ्याकडं नाही, त्या इस्लामपूर गाडीकडं बघा."

मी इस्लामपूर गाडीकडं बघितलं. तिचा ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. मी एसटी स्टँडचा कंट्रोलर. हातात माइक, पुढ्यात गाड्यांच्या वेळांचं रजिस्टर, आणि गाडी सुटायची वेळ होऊन चार मिनिटं झालेली. खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी असलेली ती बाई मात्र वेळ, फलाट, थांबा यातलं काहीच विचारत नव्हती.

"आता डावीकडं. थांबा! हलू नका." ती मागं वळून ओरडली, "अरे, इकडं ये लवकर. अण्णासाहेब मिळाले!"

खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस पळत आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चौकातल्या पुतळ्याकडं, मग परत माझ्याकडं, आणि म्हणाला, "बाप रे."

ही गोष्ट सत्याण्णव सालची. गावाचं खरं नाव मी सांगणार नाही, त्याला कारण आहे. निंबळ म्हणू. बाईंचं नाव नीलिमा परुळेकर. जुन्या काळातल्या बड्या कारखानदारांवर त्या टीव्हीसाठी मालिका करत होत्या. दर रविवारी सकाळी एक कारखानदार. साखरवाले झाले होते, तेलवाले झाले होते, कापडवाले दोन झाले होते. आता बादलीवाले अण्णासाहेब हर्डीकर यांची पाळी होती.

हर्डीकरांची बादली आता कुणाला ठाऊक नसेल. एके काळी लग्नात रुखवतावर ती दिसली नाही, तर मुलाकडचे पंगतीला बसत नसत. अण्णासाहेबांनी चोवीस साली निंबळला कारखाना काढला. बाराशे माणसं कामाला. कलेक्टर आला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे, असं सांगतात. सत्तावन्न साली ते वारले, पुढं पंचवीस वर्षांनी कारखानाही गेला. उरला तो चौकातला पुतळा. लांब कोट, डोक्याला जरीचा रुमाल, सरळ नाक, शांत डोळे. कारखाना चालू होता तोवर दर वर्षीच्या कॅलेंडरवर तोच चेहरा छापून यायचा. मी लहानपणापासून त्या पुतळ्याखालून शाळेत गेलो, त्याच्या सावलीत उभा राहून गोळ्या खाल्ल्या, आणि तो माझ्यासारखा दिसतो हे अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. आरशात माणूस दाढी करायला बघतो. नाक कुणासारखं आहे हे बघायला नाही.

परुळेकरबाईंची अडचण अशी होती, की अण्णासाहेबांची फिल्म नव्हती. धड फोटोही कुठं मिळत नव्हता. "पुतळ्यावर कॅमेरा किती वेळ फिरवणार?" त्या म्हणाल्या. "चालणारा, फिरणारा अण्णासाहेब हवा. बोलायचं काही नाही. फक्त भारदस्त दिसायचं."

डेपो मॅनेजरनं आठ दिवसांची रजा स्वतःच्या हातानं लिहिली. म्हणाला, "गावाचं नाव होतंय माळवदे, जा." आणि मी निघालो तसा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. का उठलो ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काळा लांब कोट घातला, रुमाल बांधला, हातात चांदीच्या मुठीची काठी दिली आणि चौकात पुतळ्याखाली उभं केलं. बघायला निम्मं गाव लोटलं. खरं सांगतो, मला लाज वाटत होती. रोज ज्या लोकांना मी 'फलाटावर थुंकू नये' असं माइकवरून सांगायचो, तेच आता हात जोडत होते. चहावाल्यानं कपबशीऐवजी ट्रे आणला. ट्रे त्याच्याकडं कधी आला, देव जाणे.

मग गर्दीतून गणपा शेडबाळे पुढं आला. कारखान्यात गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे बादल्यांना जस्त चढवायला, काम केलेला, पंच्याऐंशीचा म्हातारा. माझ्या पायाशी काठी ठेवून म्हणाला, "साहेब, छप्पनच्या दिवाळीला मी तीन दिसाची रजा मागितलेली. तुम्ही दिली न्हाई. लेकीचा पयला दिवाळसण हुता."

"शेडबाळेमामा, मी दिनकर. स्टँडवरचा," मी हळूच म्हटलं.

"व्हय, ठावं हाय," तो म्हणाला. "पर रजा?"

परुळेकरबाई कॅमेऱ्यामागून कुजबुजल्या, "द्या ना रजा. काय सुंदर शॉट आहे!"

मी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हटलं, "दिली."

म्हातारा रडायला लागला. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच तीन दिवसांसाठी लेकीकडं निघून गेला. लेक तेव्हा साठीला आली होती.

इथवर सगळं गमतीचं होतं. बिघडलं ते त्याच दिवशी दुपारी.

माझी आई बाजाराची पिशवी घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. हौसाबाई माळवदे, वय सदुसष्ट. वडीलही कारखान्यातच कामाला होते; ते वारले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यानंतर आईनं कारखान्याच्या पॅकिंग खात्यात बादल्या गवतात बांधायचं काम तीस वर्षं केलं आणि मला वाढवलं. कुणीतरी परुळेकरबाईंना म्हणालं, "ह्या आजी पण कारखान्यात हुत्या." बाईंनी तिला बोलावलं, पदराला छोटा माइक लावला. आई माझ्याकडं बघून हसली. मी काठी वर करून हसलो.

"आजी, घाबरू नका," परुळेकरबाई म्हणाल्या. "कॅमेऱ्याकडं बघू नका. पुतळ्याकडं बघा, आणि मनात येईल ते बोला. आठवतात का?"

आईनं मान वर केली. बराच वेळ पुतळ्याकडं बघितलं.

"आठवत्यात की."

"माणूस म्हणून कसे होते?"

"घोरायचं लई," आई म्हणाली.

गर्दीत एक जण हसला आणि गप्प झाला.

"म्हणजे... ऑफिसात?"

"ऑफिसात कशाला घोरतील? घरी." आईची नजर पुतळ्यावरच होती. "जेवताना बोलायचं न्हाईत. भाकरी कडक लागायची. आनि पाय गार असायचं. थंडीत माझ्या पोटऱ्यांना लावायचं. मी वरडायची."

कॅमेरा चालू होता. परुळेकरबाई 'कट' म्हणायचं विसरल्या. चौकातल्या रिक्षासुद्धा बंद पडल्यासारख्या झाल्या. आईनं शांतपणे पदराचा माइक काढून बाईंच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि मेथी सुकायच्या आत घरी निघून गेली.

मी कोट घालून तिथंच उभा होतो.

माझा जन्म एकोणपन्नासचा. हे मी गावात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळपर्यंत पंधरा जणांनी मला सांगितलं. घरी आलो तर माझी बायको सुमन माझ्या नाकाकडं बघत होती. "काय बघतीस?" म्हटलं तर म्हणाली, "काही नाही, जेवायला वाढू का?" आणि पानात तूप जरा जास्त पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर पगाराच्या कागदावर सही करायला गेलो, तर कंडक्टर लोक बिड्या विझवून उभे राहिले. एकानं विचारलं, "कंट्रोलरसाहेब, कारखान्याची जागा आता कुणाकडं हो?" मी त्याला शिवी दिली. ती त्यानं मालकाची म्हणून खाली मान घालून घेतली.

त्याच दिवशी दुपारी पुण्याहून मोटार आली. श्रीरंग हर्डीकर, अण्णासाहेबांचा नातू. चाळिशीचा, गोरा, घामाघूम झालेला. आमच्या दीड खोलीच्या घरात तो लोखंडी खुर्चीच्या टोकावर बसला. आईनं त्याला चहा दिला.

"हे बघा माळवदे," तो म्हणाला, "मी कुणावर आरोप करत नाही. पण आजोबांच्या नावाला समाजात एक वजन आहे. टीव्हीवर हे असं काही गेलं तर... मी एक साधा कागद करून आणलाय."

कागद स्टॅम्पपेपरचा होता. मी वाचला. 'मी, दिनकर शिवराम माळवदे, असे लिहून देतो की मी कै. अण्णासाहेब हर्डीकर यांचा औरस, अनौरस अगर अन्य कोणत्याही प्रकारचा वंशज नाही...' खाली दोन सह्यांची जागा होती, एक माझी, एक आईची.

'अनौरस' या शब्दावर माझं डोकं फिरलं. समोर आई बसलेली.

"उद्या तुमच्या इथल्या बंगल्यावर येतो," मी म्हटलं. "आता जावा तुम्ही."

तो गेला. आई सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली. सुमन शेजारी गेली होती, म्हणजे मुद्दाम गेली होती. मी दाराला कडी घातली.

"आई, एक विचारतो. राग मानू नको."

"इचार की."

"मी कुणाचा?"

आईनं वर बघितलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली, की सूप मांडीवरून घसरलं आणि तांदूळ जमिनीवर सांडले.

"अरं मुडद्या, तू तुझ्या बापाचा!"

"मग ते घोरणं? ते गार पाय?"

"ती तुझ्या बापाचीच गोष्ट."

"मग पुतळ्याकडं बघून कशाला सांगितलीस?"

"पुतळा तुझ्या बापाचाच हाय म्हनून," आई म्हणाली, आणि सांडलेले तांदूळ गोळा करायला लागली.

मी तिच्यापुढं खाली बसलो. मग तिनं सांगितलं. हात तांदळातच होते.

"साहेब म्हंजे उंचीला हितवर. डोळं भाईर आलेलं, तोंडावर देवीचं वन. मानूस हुशार, पर एका जागी दोन मिंटं बसायचं न्हाईत. कारखान्याला पंचवीस वर्सं झाली म्हनून कोल्हापूरचा मूर्तिकार बोलावला. पयल्या दिशी साहेब अकरा डाव उठलं. मूर्तिकारानं माती खाली ठिवली. म्हनाला, मला हे जमायचं न्हाई. साहेब म्हनालं, मला तरी कुठं वेळ हाय? गप बसनारा एक मानूस बघ, माझा कोट घाल त्याला, आनि कर तुझं काम."

"आणि बाबा बसले?"

"गप बसन्यात तुझं वडील पयल्या नंबरचं. तीन आठवडं बसलं. भरपगारी. बादल्यांना रिबिटं मारायच्या कामाला सुट्टी. घरी आल्यावर म्हनायचं, हौसा, बसून बसून पाठ मोडली ग."

"पण पुतळा उघडला तेव्हा लोकांना दिसलं नाही?"

"दिसलं की! बाराशे मानसं उभी. पडदा वढला, बघत्यात तर ह्येंचं तोंड! कुनी हूं का चूं करंना. साहेब चारी बाजूनं फिरलं. मी म्हटलं, आता मूर्तिकाराचं काय खरं न्हाई. तर म्हनालं, 'उत्तम! अगदी हुबेहूब!' मग मॅनेजर म्हनाला, हुबेहूब. मग समदी म्हनाली, हुबेहूब."

"त्यांना खरंच तसं वाटलं?"

"त्येंच्या मनातलं मला काय ठावं? नाक बरं मिळालं म्हनून खूश झालं असतील. फोटूबिटू समदं कपाटात गेलं. कॅलिंडरवर पुतळाच यायला लागला. धा वर्सांनी तर ज्येंनी साहेबांस्नी बघितलेलं, त्येंनाबी पुतळाच आठवायला लागला. तो गणपा. त्येनं साहेबांच्या हातचा मार खाल्लेला. तरी काल तुझ्या पाया पडला."

"आणि बाबा? ते तर रोज कारखान्यात असायचे."

"दुसऱ्याच दिशी हुकूम आला. दाढी वाढवायची." आईनं पदरानं डोळे पुसले; हसण्याचे होते की कसले, सांगता येणार नाही. "पावनं कारखाना बघाय येत. म्हनायचं, साहेब रिबिटं काय मारत्यात? म्हनून दाढी. मग पुढं तीन वर्सांनी ताप आला, आनि गेलंच."

मला वडिलांची एकच आठवण होती: गालाला टोचणारी दाट दाढी. घरात त्यांचा फोटो नव्हता. आमच्यासारख्यांकडं फोटो कुठून असणार? मी लहानपणी विचारायचो, बाबा कसे दिसायचे? आई म्हणायची, 'चांगलं दिसायचं.' एवढंच.

"मला का नाही सांगितलंस?"

"साहेबांनी शब्द घेतला, आनि पॅकिंगला नोकरी दिली. मी शब्द दिला. तो आजवर पाळला. काल ती बाई म्हनाली, तिकडं बघा आनि मनात येईल ते बोला. बघितलं, आनि आलं तोंडात. आता ह्येंच्या तोंडाकडं बघून मी दुसऱ्याचं काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेक हर्डीकरांच्या बंगल्यावर गेलो. मी रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. आईच्या नावावर उडालेला चिखल मी त्या नातवाच्या तोंडावर धुऊन काढणार होतो, आणि कॅमेऱ्यासमोर. परुळेकरबाई तिथंच उतरलेल्या होत्या. त्या दिवाणखान्यात काही लिहीत बसल्या होत्या.

श्रीरंग हर्डीकर कागद आणायला आत गेला. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या एका फोटोकडं गेलं. कारखान्यातल्या साहेब लोकांचा जुना ग्रूप फोटो. मागं दोन रांगा उभ्या, पुढं खुर्च्या. मधली खुर्ची सगळ्यांत मोठी, तिच्यावर एक बुटका, बटबटीत डोळ्यांचा माणूस, तोंडावर देवीचे व्रण. आणि एवढ्या माणसांत तो एकटाच हललेला. हाताच्या जागी नुसतं पांढरं धुकं.

"हे कोण?" मी परत आलेल्या श्रीरंगला विचारलं.

"ते? ते आजोबांचे मुनीम."

"मुनीम मधल्या खुर्चीत?"

"हो. आजोबा फार साधे होते."

"मग ते स्वतः कुठं आहेत?"

त्यानं फोटोकडं बघितलं. लहानपणापासून रोज बघितलेला फोटो तो पहिल्यांदाच बघत असावा. "त्यांनी..." तो थांबला. "त्यांनीच फोटो काढला असेल."

परुळेकरबाईंनी पेन खाली ठेवलं.

मी तोंड उघडलं. "हर्डीकरसाहेब," मी म्हटलं, "चौकातला जो पुतळा आहे ना..."

आईनं माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा घेतला, की पुढचा शब्द घशातच राहिला.

"कुठं सही करायची?" ती म्हणाली.

"आई!"

"वाच बरं कागूद. मोठ्यानं."

मी वाचला. ती नीट ऐकत होती. "म्हंजे तू ह्येंच्या आजोबांचा पोरगा न्हाईस, असंच लिवलंय न्हवं?"

"हो."

"मग खोटं काय हाय त्यात? कर सही."

आणि तिनं माझ्या आधी आपली सही ठोकली. पॅकिंग खात्यात पगारासाठी शिकलेली, उभ्या-आडव्या काड्यांची सही. मीही केली. श्रीरंग हर्डीकरनं रुमालानं मान पुसली आणि आईला चक्क नमस्कार केला.

"पण आजी," परुळेकरबाई म्हणाल्या, "मग तुम्ही त्या दिवशी जे बोललात... आणि यांचा चेहरा?"

"चेहरे काय, मिळत्यात," आई म्हणाली. "चल रं."

फाटकाबाहेर येईपर्यंत मी दम धरला. मग रस्त्यातच भडकलो. "का चिमटा काढलास? एका वाक्यात मिटलं असतं. गाव तुझ्याबद्दल काय बोलतंय, माहीत आहे का तुला?"

"ठावं हाय."

"मग?"

"खरं सांगितलं असतंस तर काय केलं असतं त्येंनी?" आई थांबली. "पुतळा उतरवला असता. आनि त्या मुनिमाला वर चढवला असता. मग मी कुनाकडं बघू?"

ती पुन्हा चालायला लागली. मी मागोमाग.

"बाजाराला जायला जवळची वाट हाय, देवळामागनं," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्सं मी चौकातनं जाती. लोकं बोलत्यात तर बोलू देत. सदुसष्ट वर्सांच्या बाईला नावं ठिवून ठिवून किती दिस ठिवतील?"

चौकात आलो. ती नेहमीच्या चालीनं पुढं निघाली. मी मात्र पुतळ्यासमोर उभा राहिलो. पानपट्टीवाला बघत होता, रिक्षावाले बघत होते. बघू देत, म्हटलं. मी माझ्या वडिलांकडं बघितलं. कानाची पाळी माझ्यासारखी जाड होती. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जरासं, अगदी जरासं हसू होतं. परक्याचा कोट घालून, काम न करता भरपगारी बसायला मिळालेल्या माणसाचं ते हसू होतं. मूर्तिकार प्रामाणिक असला पाहिजे. त्यानं ते पुसलं नव्हतं.

राहिलेले दिवस मी शूटिंग केलं. काठी घेऊन बंद कारखान्यातून फिरलो, गंजलेल्या यंत्रांवर हात ठेवला, खिडकीतून दूरवर बघितलं. परुळेकरबाई म्हणाल्या, आता तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी आलंय. कागद झाल्यानंतर त्यांनी आईला पुन्हा काही विचारलं नाही. पण जाताना मात्र तिच्या पाया पडल्या. त्यांना किती कळलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. आमच्या घरात शेजारपाजारची वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. मी पडद्यावर काठी टेकत चाललो, मागून एक भारदस्त आवाज 'द्रष्टा', 'कर्मयोगी' असलं काहीबाही बोलत होता. आईचं बोलणं जवळजवळ सगळं कापलं होतं. एकच वाक्य ठेवलं होतं: 'जेवताना बोलायचं न्हाईत.' त्यावर तो आवाज म्हणाला, अण्णासाहेब मितभाषी होते.

कार्यक्रम संपला. कुणी उठेना. अखेर पलीकडच्या शालनकाकींनी सगळ्यांच्या मनातलं तोंडावर आणलं. मुद्दाम गोड आवाज काढून म्हणाल्या, "हौसाबाई, खरं सांगा. येती का हो त्यांची आठवण?"

सुमनच्या हातातलं पोह्यांचं ताट तसंच राहिलं. मी टीव्हीचा आवाज वाढवायला उठलो.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"येती की," ती म्हणाली. "नवरा हुता माझा."

त्या दिवसापासून गाव पालटलं. आदल्या संध्याकाळपर्यंत जे तोंडाला पदर लावून बोलत होते, ते आता उघड सांगायला लागले, की लग्न झालं होतं. वाडीच्या देवळात झालं होतं, गुपचूप. एकानं भटजीचं नावसुद्धा सांगितलं. माझ्या वडिलांना त्या गोष्टीत मालकाच्या शब्दाखातर नाव देणारा इमानी कामगार करून टाकलं होतं. बाजारात बायका आईला वाट देऊ लागल्या. भाजीवाली तिला 'बाईसाहेब' म्हणायची आणि वांगी निवडून द्यायची. मी दोन-चार वेळा खरं सांगायचा प्रयत्न केला. लोक समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे, तुम्ही कागद लिहून दिलाय, तुम्हाला तसंच सांगावं लागणार.

डिसेंबरात अण्णासाहेबांची पुण्यतिथी आली. नगरपालिका दर वर्षी पुतळ्याला हार घालायची. त्या वर्षी शिपाई घरी छापील पत्रिका घेऊन आला: पुष्पहार अर्पण, श्रीमती हौसाबाई यांच्या शुभहस्ते. आडनाव घातलं नव्हतं. कुठलं घालावं, यावर सभेत दोन तास चर्चा झाली होती म्हणे.

मला वाटलं, आई नाही म्हणेल. तिनं ट्रंकेतलं हिरव्या काठाचं लुगडं काढलं.

चौकात मांडव होता, खुर्च्या होत्या, कर्णे लावले होते. हर्डीकरांकडचं कुणी आलं नव्हतं. पुतळ्याला शिडी लावलेली. दोघांनी धरलं, आई वर चढली. तिनं हार घातला. मग हार नीट बसला नाही असं दाखवत ती त्या गळ्याशी, खांद्याशी बराच वेळ हात फिरवत राहिली. कुणी घाई केली नाही. मी खाली शिडी धरून उभा होतो.

ती उतरली तशा टाळ्या झाल्या. नगराध्यक्षांनी माइक तिच्यापुढं धरला. "बाईसाहेब, दोन शब्द बोला."

आईनं माइक दोन्ही हातांनी धरला. सगळ्या गावावर नजर फिरवली. मग वर, पुतळ्याकडं बघितलं.

"शिवराम," ती म्हणाली. स्पष्ट, खणखणीत. आणि माइक परत दिला.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग नगराध्यक्ष पुढं झाले आणि माइकवर म्हणाले, "देवाचं नाव घेतलं, आणि बाईसाहेबांना भावना अनावर झाल्या." पुन्हा टाळ्या झाल्या.

आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. माझ्या वडिलांचं नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चार कर्ण्यांमधून, सगळ्या चौकाबरोबर.